रवींद्रनाथ आणि माणसातले वरकड



ह्या व्याख्यानमालेत विद्वानांनी साहित्यावर बोलावे आणि माझ्यासारख्याने कामगारांच्या प्रश्नांवर, अशी वाटणी आजवर चालत आलेली आहे. यंदा चालकांनी ती मोडली आणि मला रवींद्रनाथ टागोरांवर बोलावयास सांगितले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटातून. रवींद्रनाथ मी आधी मराठी भाषांतरांतून वाचले; मग आमच्या कारखान्यातल्या एका बंगाली फिटरकडून लिपी शिकून घेतली आणि कोश शेजारी ठेवून मूळ पुस्तके वाचू लागलो. तेव्हा काव्यशास्त्राची परिभाषा माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. मी मोजमापाच्या धंद्यातला माणूस आहे. मजुरी किती, तास किती, महागाईचा आकडा किती, हे मोजण्यात माझी तीस वर्षे गेली. आणि म्हणूनच, माणसातला जो भाग मोजता येत नाही त्याचा ज्या कवीने जन्मभर पाठपुरावा केला, त्याच्याविषयी बोलण्याची मला ओढ आहे.

रवींद्रनाथांचे एक चित्र आपल्या मनात ठरून गेलेले असते. पांढरी दाढी, पायघोळ झगा, दूर कोठेतरी लागलेले डोळे. आमच्या काही सोबत्यांना तर त्या चित्राचा रागच येतो. ते म्हणतात, जमीनदाराच्या घरात जन्मलेला हा माणूस, देवाची गाणी लिहिली, नोबेल पारितोषिक मिळविले. आपल्या मोर्चात त्याचे काय काम? हा प्रश्न मी टाळणार नाही. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्यांच्या लिखाणातून एक फेरफटका मारला पाहिजे. ते लिखाण अफाट आहे. दोन हजारांहून अधिक गाणी, कवितासंग्रहांची लांबलचक रांग, कादंबऱ्या, कथा, नाटके, निबंध, आणि साठी उलटल्यावर हाती घेतलेली चित्रकला. हे सारे एका तासात मांडणे म्हणजे पद्मा नदी घागरीत भरण्यासारखे आहे. मी एकच धागा धरून चालणार आहे.

तो धागा असा. आमच्या अभ्यासवर्गात मार्क्सचा ‘वरकड मूल्य’ हा शब्द अगदी पहिल्या आठवड्यात शिकवतात. कामगार आपल्या मजुरीइतके मूल्य दिवसाच्या काही तासांत निर्माण करतो; उरलेल्या तासांत जे निर्माण होते ते वरकड, आणि ते मालकाच्या घरी जाते. आता गंमत पाहा. रवींद्रनाथांनी १९३० साली ऑक्सफर्डला हिबर्ट व्याख्याने दिली, ती पुढच्या वर्षी ‘द रिलिजन ऑफ मॅन’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एका प्रकरणाचे नावच मुळी ‘माणसातले वरकड’ असे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पशूची शक्ती बहुतेक सारी जगण्याच्या गरजेत खर्ची पडते. माणसाचे तसे नाही. पोट भरून, घर शाकारून, पोरे वाढवूनही त्याच्यात काही उरते. त्या उरलेल्यातून गाणे येते, चित्र येते, देव येतो, दुसऱ्यासाठी जीव टाकणे येते. माणसाचे माणूसपण गरजेत नाही, गरजेपलीकडे जे शिल्लक राहते त्यात आहे.

म्हणजे वरकडे दोन झाली. एक मालक नेतो ते, आणि दुसरे कोणाच्याच खात्यावर चढत नाही ते. रवींद्रनाथांचे सगळे काव्य ह्या दुसऱ्या वरकडाचे काव्य आहे, असे मला दिसते. आणि पहिल्या वरकडाचा लढा लढणाऱ्या माणसाने दुसरे विसरू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ चा, कलकत्त्याच्या जोडासांको भागातल्या ठाकूरवाड्यातला. आजोबा द्वारकानाथ मोठे व्यापारी आणि जमीनदार, वडील देवेंद्रनाथ ब्राह्मसमाजाचे नेते. मुलगा शाळेत रमेना. एकामागून एक शाळा झाल्या, १८७८ साली विलायतेची वारी झाली, आणि पदवी न घेताच स्वारी परत आली. विलायतेला जाण्यापूर्वी काही दिवस मुंबईस डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी त्यांचा मुक्काम होता. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे सनदी परीक्षा उतरलेले पहिले हिंदी गृहस्थ, आणि त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, आणि धाकट्या भावानेही काही अभंगांचा अनुवाद केला. हा संबंध लहानसा आहे, पण पुढे ‘गीतांजली’कडे येताना तो आपल्याला उपयोगी पडेल.

१८९० नंतर वडिलांनी ह्या पदवी नसलेल्या मुलाच्या हाती जमिनीचा कारभार दिला. सिलाइदह, शाजादपूर, पतिसर ही ती ठिकाणे. आज ती बांगलादेशात आहेत. कवी होडीवर राहू लागला. सकाळी कचेरीत खंडाच्या चोपड्या, थकबाकी, रयतेचे अर्ज; आणि संध्याकाळी पद्मेचे पात्र. मला वाटते, रवींद्रनाथांना घडविणारी शाळा हीच. जमाखर्चाची वही आणि नदी त्यांनी एका वेळी पाहिली.

त्या काळातला संग्रह ‘सोनार तरी’, म्हणजे सोन्याची नाव. तो १८९४ साली निघाला. पहिल्याच कवितेतला प्रसंग साधा आहे. पावसाळ्याचे दिवस, नदी फुगलेली, काठावर कापलेल्या भाताच्या राशीजवळ एक शेतकरी एकटाच बसलेला. एक नाव येते. तो आपले सारे धान्य नावेत भरून देतो. शेवटी म्हणतो, आता मलाही घ्या. पण नाव भरून गेलेली असते. धान्य जाते, माणूस काठावर राहतो.

ह्या कवितेच्या अर्थावरून बंगालमध्ये मोठा वाद झाला. कोणी नावाड्याला काळ म्हटले, कोणी देव म्हटले. स्वतः कवीचा रोख असा होता की जग आपले कर्म घेते, आपल्याला घेत नाही. मी ती प्रथम वाचली तेव्हा मला आमच्या कारखान्याचे माल बाहेर नेणारे दार आठवले. मालाला गाडीत जागा असते, करणाऱ्याला नसते. कवीच्या मनात कारखाना नव्हता हे मला ठाऊक आहे. पण खरी कविता अशीच असते. ती आपल्या दारापुढूनही वाहत जाते.

त्याच वर्षांत त्यांनी बंगाली लघुकथेला पहिले खरे रूप दिले. ‘काबुलीवाला’ आणि ‘पोस्टमास्तर’ आपण शाळेपासून ऐकतो. मी ‘शास्ति’ ह्या १८९३ च्या कथेविषयी सांगतो. दुखिराम आणि छिदाम हे दोघे मजूर भाऊ. जमीनदाराच्या कचेरीचे छप्पर दुरुस्त करावयास त्यांना पकडून नेतात. दिवसभर पावसात राबवून घेतात आणि धड मजुरीही देत नाहीत. उपाशीपोटी घरी आल्यावर थोरला भाऊ बायकोकडे भात मागतो. ती म्हणते, तांदूळ आणून कुठे दिलात? रागाच्या भरात त्याच्या हातून तिचा खून होतो. धाकटा भावाला वाचविण्यासाठी आपल्या तरुण बायकोला, चंदराला, गुन्हा अंगावर घ्यावयास सांगतो. ती घेते. मात्र पुढे ती वाचविण्याची सगळी खटपट झिडकारते आणि नवऱ्याला शेवटचे भेटण्यासही नकार देत फाशी जाते.

ह्या कथेत दोन हिशेब आहेत. जमीनदाराने मजुरी बुडविली, तिथून खुनाची साखळी सुरू झाली. हा पहिला हिशेब कोणताही युनियनवाला मांडील. दुसरा हिशेब चंदराचा. बायको गेली तर दुसरी मिळेल, भाऊ मिळणार नाही, असे नवऱ्याने गणित केले. त्या गणितात आपण एक बदलता येण्याजोगा आकडा आहोत, हे कळल्यावर ती त्याच्याशी सगळा व्यवहार तोडते. जमीनदाराच्या वाड्यातल्या माणसाने मजुराच्या झोपडीतले हे दुसरे दुःख ओळखले, हे लहान काम नव्हे. १८९५ ची ‘दुइ बिघा जमि’ ही कविताही अशीच. बाबूला बाग चौकोनी करावयाची असते म्हणून उपेनची दोन बिघे जमीन खोट्या कर्जाच्या हुकुमनाम्याने जाते. वर्षांनी परत आलेल्या उपेनच्या पुढ्यात त्याच्याच झाडाचे दोन आंबे पडतात, आणि तो चोर ठरतो. बिमल रॉय यांच्या १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’ ह्या चित्रपटाने नाव घेतले ते ह्याच कवितेचे.

आता ‘गीतांजली’. १९०२ साली पत्नी मृणालिनीदेवी गेल्या, १९०३ साली मुलगी रेणुका, १९०५ साली वडील, १९०७ साली धाकटा मुलगा शमींद्र. अशा पाच वर्षांनंतर, १९१० साली, बंगाली ‘गीतांजली’ प्रसिद्ध झाली. इंग्रजी ‘गीतांजली’ हे त्या पुस्तकाचे सरळ भाषांतर नव्हे. कवीने आपल्या निरनिराळ्या संग्रहांतून १०३ कविता निवडून त्या स्वतः गद्यात उतरविल्या. १९१२ साली लंडनला ते पुस्तक येट्सच्या प्रस्तावनेसह निघाले, आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक रवींद्रनाथांना मिळाले. साहित्याचे नोबेल मिळविणारे ते पहिले आशियाई.

युरोपाने त्यांच्यात एक गूढवादी साधू पाहिला, आणि तेच चित्र आपल्याकडे परत आले. पण ‘गीतांजली’तला देव कोठे राहतो ते पाहा. दारे लावून जपमाळ ओढणाऱ्याला कवी म्हणतो, डोळे उघड, तुझा देव ह्या कोपऱ्यात नाही. जिथे शेतकरी नांगर धरतो, जिथे रस्ता करणारा खडी फोडतो, तिथे तो धुळीने माखून उभा आहे. १९०१ च्या ‘नैवेद्य’ संग्रहातही त्यांनी वैराग्याच्या वाटेची मुक्ती नाकारली होती. असंख्य बंधनांतच त्यांना मुक्तीची चव हवी होती. हे मराठी माणसाला नवे नाही. आपल्या सावता माळ्याला विठ्ठल मळ्यात सापडला, गोरोबांना चिखल तुडवताना. रवींद्रनाथांकडे हे उपनिषदांतून, वैष्णव पदांतून आणि बाउल नावाच्या फिरस्त्या गायकांकडून आले. पण आपल्याला ‘गीतांजली’ परकी वाटत नाही ती कीर्तनात मुरलेल्या कानांमुळे.

त्यांच्या काव्यविचाराचे मर्म येथे आहे. सीमा आणि असीम ही त्यांची आवडती जोडी. असीम म्हणजे ढगांपलीकडे बसलेले काही नव्हे. असीम सीमेतूनच प्रकट होते, आणि सीमेला अर्थ येतो तो असीमामुळे. तबल्याची जोडी डोळ्यांपुढे आणा. ताल बांधलेला असतो, मात्रा मोजलेल्या असतात. आणि त्या मोजलेल्या मात्रांतूनच असे काही निघते की जे मोजता येत नाही. छंद हे बंधन आहे, पण सतारीच्या तारेला खुंटीचे जसे बंधन, तसे. तार मोकळी सोडली तर ती वाजत नाही. म्हणून रवींद्रनाथ मोजण्याचे वैरी नाहीत. मोजूनच सारे संपले असे म्हणणाऱ्याचे ते वैरी आहेत. १९१६ च्या ‘बलाका’ संग्रहात शाहजहानवर एक कविता आहे. ताजमहालासारखी निर्मिती मागे ठेवून बादशहा निघून गेला, आणि कवी सांगतो की ती निर्मितीही त्याला धरून ठेवू शकली नाही. करणारा आपल्या करणीहून मोठा असतो. ‘सोनार तरी’तला शेतकरी काठावर राहिला होता. इथे त्याला उत्तर मिळाले: नावेत मावला नाहीस, कारण तू धान्याहून मोठा आहेस.

येथवर रवींद्रनाथ एकट्या माणसाविषयी बोलत होते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी हेच तत्त्व यंत्राला आणि संघटित सत्तेला लावून पाहिले, आणि त्यातून दोन थोर नाटके झाली.

‘मुक्तधारा’ १९२२ चे. उत्तरकूटचा राजा यंत्रराज विभूतीकडून झऱ्यावर प्रचंड बांध घालून घेतो, शिवतराईच्या प्रजेचे पाणी तोडून तिला वठणीवर आणण्यासाठी. बांधकामावर सक्तीने नेलेली कितीतरी तरुण मुले परत येत नाहीत. अंबा नावाची आई आपल्या सुमनला हाका मारीत रंगभूमीवर फिरत राहते. विभूतीच्या हिशेबात बांध पुरा झाला, एवढेच खरे. युवराज अभिजित त्या बांधातली कच्ची जागा शोधून तो फोडतो आणि सुटलेल्या पाण्याबरोबर वाहून जातो. ह्याच सुमारास, १९२१ पासून, आपल्याकडे मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह चालू होता आणि सेनापती बापट तुरुंगात जात होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही. पण एकच प्रश्न बंगालच्या कवीला आणि मावळातल्या शेतकऱ्याला एकाच वेळी पडला होता.

दुसरे नाटक ‘रक्तकरवी’. करवी म्हणजे आपली कण्हेर. रक्तकरवी म्हणजे तांबडी कण्हेर. १९२४ साली ते ‘प्रवासी’ मासिकात आले, १९२६ साली पुस्तकरूपाने. यक्षपुरी नावाच्या गावी जमिनीखालून सोने खणून काढतात. राजा जाळीच्या पडद्याआड राहतो. कोणाला दिसत नाही. कारभार सरदार लोक पाहतात. आपल्या भाषेत मुकादम म्हणा. खणणाऱ्यांना नावे उरलेली नाहीत. फागुलाल हा ‘४७ फ’ आहे, विशू हा ‘६९ ङ’ आहे. गावी असताना तो माणूस होता. इथे तो आकडा आणि अक्षर झाला. कामगारांनी गप्प राहावे म्हणून दारूची सोय आहे, दारूने भागले नाही तर उपदेश करणारा गोसावी आहे, आणि गोसाव्याने भागले नाही तर शस्त्रे आहेत. ही तीन खाती एकमेकांना लागून आहेत, हे कवीच्या नजरेतून सुटलेले नाही. कारखान्याच्या दारात तीस वर्षे उभा राहिलेला माणूस ह्याहून नेमके वर्णन करू शकणार नाही.

तिथे नंदिनी येते. तिच्या अंगावर तांबड्या कण्हेरीची फुले आहेत. ती काही मागत नाही, काही विकत नाही. नुसती हिंडते, बोलते, आपल्या रंजनची वाट पाहते. सारी यक्षपुरी तिला घाबरते, कारण तिचा उपयोग काय ते कोणाला सांगता येत नाही. शेवटी रंजन राजाच्याच हातून मरतो, आणि कोणाला मारले हे राजाला नंतर कळते. त्याच्या यंत्रणेने त्यालाही फसविलेले असते. मग राजा जाळी सोडून बाहेर येतो, आपला ध्वज आपणच मोडतो, आणि आपल्याच कारभाराविरुद्ध लढावयास नंदिनीबरोबर निघतो. बाहेर शेतातून पौषातल्या सुगीचे गाणे ऐकू येत असते.

राजा खरोखर असा बाहेर येतो काय? माझा अनुभव निराळा आहे. राजे आपण होऊन जाळी सोडत नाहीत. जाळी ओढावी लागते. पण आकड्याचे नाव व्हावे, ही मागणी कवीने जिथे ठेवली आहे तिथेच ती आहे, ह्याची मला खात्री आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कराराची बोलणी चालू होती. मागणीपत्रात पगारवाढ होती, भत्ता होता, बोनस होता. आणि एक कलम होते, आषाढीच्या वारीसाठी आठ दिवस बिनपगारी रजा. व्यवस्थापकांना ते कलम समजेना. पगार बुडवून घेण्यात कामगाराचा फायदा कोणता? आमच्यातल्याही काही तरुण कार्यकर्त्यांचे मत होते की हे कलम सोडून द्यावे आणि त्याच्या बदल्यात भत्त्यात काही पदरात पाडून घ्यावे. तेव्हा एक वयस्क टर्नर उठला. हात जोडून म्हणाला, ‘साहेब, वर्षभर मी तुमचा बिल्ला नंबर आहेच. हे आठ दिवस मला माझ्या नावानं चालू द्या.’ आठाचे पाच झाले, पण कलम करारात आले. त्या टर्नरने ‘रक्तकरवी’ वाचले नव्हते. रवींद्रनाथांनी मात्र त्याला वाचले होते.

हीच मोजपट्टी रवींद्रनाथांनी देशभक्तीलाही लावली. १९१० च्या ‘गोरा’ कादंबरीतला नायक कडवा सनातनी असतो. आणि आपण १८५७ च्या धामधुमीत पोरक्या झालेल्या आयरिश आईबापांचे मूल आहोत हे कळल्यावर, जातींच्या सगळ्या भिंती पडून, तो पहिल्यांदा साऱ्या देशाचा होतो. १९१६ च्या ‘घरे-बाइरे’त स्वदेशी चळवळीचे चित्र आहे. १९०५ च्या वंगभंगाविरुद्ध रवींद्रनाथ स्वतः गाणी लिहीत रस्त्यावर आले होते, आणि पुढे बाजूला झाले. कारण त्या कादंबरीत दिसते. विलायती कापडाची होळी होते. पण जळते ते पंचू नावाच्या गरीब फेरीवाल्याचे पोट. संदीप हा गर्जना करणारा पुढारी ‘देश’ म्हणतो तेव्हा त्याला पंचू दिसत नाही. आम्हा चळवळीतल्या लोकांना ही कादंबरी झोंबते, आणि झोंबलीच पाहिजे. मोर्चाला किती आले हे आम्हीही मोजतो. त्या मोजण्यात पंचू हरवत नाही ना, हे पाहण्यासाठी असे पुस्तक कचेरीत असावे. ह्याच माणसाने १९१९ साली जालियनवाला बागेनंतर सरकारला ‘सर’ ही पदवी परत केली, हे लक्षात ठेवले म्हणजे त्यांची टीका भित्र्या माणसाची नव्हती हे पटेल.

१९३० साली ते रशियाला गेले. तिथून लिहिलेली पत्रे ‘राशियार चिठि’ ह्या नावाने १९३१ साली आली. त्यांत त्यांनी श्रमणाऱ्या लोकांना दिव्याच्या ठाणवईची उपमा दिली आहे: डोक्यावर दिवा घेऊन ती उभी असते, उजेड इतरांना मिळतो, तिच्या अंगावरून तेल ओघळते. रशियात त्या ठाणवईला लिहावाचावयास शिकविले जाते हे पाहून ते हरखून गेले. पण त्याच पत्रांत त्यांनी हेही बजावले की माणसे साच्यात ओतून घडविता येत नाहीत; असा साचा एक दिवस फुटेल, किंवा माणसाचे मन तरी मरेल. मालकाचा साचा असो की मुक्तिदात्याचा, माणूस त्यात मावत नाही.

आता सोबत्यांच्या त्या प्रश्नाकडे येतो. ते म्हणतात, हे वरकड-बिरकड ठीक आहे, पण आधी पोट. बरोबर आहे. आणि ते रवींद्रनाथांनाही ठाऊक होते. १९०५ साली पतिसरला त्यांनी रयतेला सावकाराच्या तोंडून सोडविण्यासाठी कृषी बँक काढली, आणि पुढे नोबेलची रक्कम तिच्यात ठेवली. १९२२ साली एल्महर्स्ट ह्या इंग्रज शेतीतज्ज्ञाला घेऊन श्रीनिकेतन उभारले. पण मी दाखला देणार आहे तो कवितेचा.

१९३२ ची ‘बाँशि’ नावाची कविता आहे. बाँशि म्हणजे बासरी. हरिपद नावाचा कारकून. पगार पंचवीस रुपये. गल्लीतली एक दमट खोली. त्याच खोलीत, त्याच भाड्यात एक पाल राहते. फरक इतकाच की तिला अन्नाची ददात नाही. जेवणासाठी तो एका घरच्या मुलाला शिकवतो. संध्याकाळी सियालदह स्टेशनावर जाऊन बसतो, कारण तेवढाच दिव्याचा खर्च वाचतो. लग्न ठरले होते, तो पळून आला. तेवढी ऐपत नव्हती. पाहा, कवीने काहीही झाकलेले नाही. पै न् पै मोजली आहे. आमच्या एखाद्या मागणीपत्रातही कौटुंबिक खर्चाचा तक्ता इतका चोख नसतो. आणि मग त्या गल्लीत एका संध्याकाळी शेजारचे कांतबाबू कॉर्नेट वाजवितात. सूर चढतो, गल्ली खोटी ठरते, आणि अकबर बादशहात नि हरिपद कारकुनात काही भेद राहत नाही.

ही कविता मला फार प्रिय आहे, आणि इथेच माझे कवीशी थोडे भांडणही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपद पुन्हा पंचवीस रुपयांचाच असतो. सूर ऐकला म्हणून भाडे कमी होत नाही. शिवाय हरिपदला निदान संध्याकाळ होती. बारा तासांच्या पाळीवरून दोन बसगाड्या बदलून घरी येणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या कानावर कॉर्नेट पडला तरी तो ऐकू येत नाही. तो झोपलेला असतो. म्हणून मी म्हणतो की ती दोन वरकडे एकमेकांना जोडलेली आहेत. पहिले वरकड वाढविण्यासाठी कामाचे तास लांबतात तेव्हा जे कापले जाते ते हे दुसरे वरकड. १८९० साली रवींद्रनाथांचा ‘मानसी’ हा पहिला प्रौढ संग्रह निघाला. त्याच वर्षी, १० जून रोजी, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. माझ्या लेखी ह्या दोन्ही साहित्याच्या इतिहासातल्या घटना आहेत. कविता लिहिणारा एक लागतो, आणि ती ऐकावयास मोकळी संध्याकाळ मिळवून देणारा दुसरा लागतो. ह्या दोघांनी एकमेकांना परके मानू नये.

हे भांडण कवीलाही मान्य झाले असते, असे मी धिटाईने म्हणतो, कारण अखेरच्या वर्षी त्यांनी तो खटला स्वतःवरच चालविला. १९४१ सालचे ‘आरोग्य’ आणि ‘जन्मदिने’ हे संग्रह पाहा. ‘आरोग्य’मधल्या एका कवितेत साम्राज्ये येतात आणि पुसली जातात, पठाण गेले, मोगल गेले, इंग्रजही जातील; आणि ‘ते’ मात्र काम करीत राहतात, वल्ही मारतात, पेरतात, कापतात. देशोदेशींची नावे घेताना कवीने तिथे मुंबईचेही नाव घेतले आहे. आणि ‘जन्मदिने’मधल्या ‘ऐकतान’ ह्या कवितेत ऐंशीच्या घरात पोहोचलेला हा जगन्मान्य कवी सांगतो की माझे काव्य अनेक वाटांनी गेले, पण सर्वत्र पोहोचले नाही. समाजाच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत मी बसलो. श्रमणाऱ्यांच्या अंगणापर्यंत गेलो, आत जाण्याची शक्ती मला नव्हती. जो त्यांच्या जगण्यात भागीदार आहे, जो मातीच्या जवळ आहे, त्या कवीची मी वाट पाहतो आहे. वर आणखी बजावतो की हौसेची मजुरी करून खोटे नाव मिळवू नका.

इतका मान मिळालेल्या माणसाने आपल्या जन्माची बेरीज-वजाबाकी अशी उघड मांडावी, ह्याला मोठे मन लागते. ७ ऑगस्ट १९४१ रोजी ते गेले. त्याआधी चार महिने ‘सभ्यतार संकट’ ह्या भाषणात त्यांनी पाश्चात्य सुधारणेवरचा आपला उडालेला विश्वास जाहीर केला, आणि माणसावरचा विश्वास सोडण्यास मात्र साफ नकार दिला.

ज्याची त्यांनी वाट पाहिली तो कवी आला काय? बंगालचे मी सांगत नाही. आपल्या मुंबईत एका गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेले पोर घरी नेले, त्याला आपले नाव दिले. ते पोर पुढे नारायण सुर्वे झाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ निघाले, तेव्हा ते कोणाच्या खिडकीतून पाहून लिहिलेले नव्हते. गंगाराम सुर्व्यांच्या मजुरीत दुसऱ्याचे पोर सांभाळण्याइतके काय उरत असेल? आकड्यांत पाहिले तर काहीच नाही. आणि तरीही ते उरले. रवींद्रनाथ ज्याला माणसातले वरकड म्हणतात, ते हेच.

तेव्हा मित्रहो, तरुण कार्यकर्त्यांना माझे सांगणे इतकेच आहे की मागणीपत्राच्या शेवटी एक कलम असे ठेवा, ज्याचा फायदा काय असे व्यवस्थापक विचारील आणि तुम्हांला आकड्यात उत्तर देता येणार नाही. वाचनालय असेल, भजनाची खोली असेल, वारीची रजा असेल. त्या कलमासाठी शेवटपर्यंत अडून बसा. आणि साहित्यिकांना विनंती ही की कामाच्या तासांचा प्रश्न हा आपलाच प्रश्न आहे असे समजा.